वजनकाट्यावर हप्ता ठरवणाऱ्या आरोग्य विमा कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य विमा कंपन्यांचे संचालक, हप्त्याचे दर ठरवणारे विमागणिती आणि दाव्यांवर सही करणारे वैद्यकीय अधिकारी

महोदय,

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३०च्या वर गेला की जादा हप्ता. वर्षभरात पाच टक्के वजन उतरवले की सूट. आणि स्थूलतेवरच्या औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा खर्च मागितला की ‘जीवनशैलीशी निगडित, पॉलिसीत समाविष्ट नाही’ असे एका ओळीचे उत्तर. ही तिन्ही कलमे आता एकाच पॉलिसीत शेजारी शेजारी दिसू लागली आहेत. आम्ही स्थूलतेवर उपचार करणारे डॉक्टर, शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ. तुमची नकाराची पत्रे रुग्ण आमच्यापुढे ठेवतात आणि आता काय करायचे हे आम्हालाच विचारतात. पत्र खुले ठेवले आहे, कारण हप्ता ज्यांच्या खिशातून जातो त्यांनाही त्यामागचे गणित तपासता आले पाहिजे.

तिन्ही कलमांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : वजन माणसाच्या हातात असते. हे गृहीतक मोजून पाहिले गेले आहे, आणि तेही बरेच आधी. अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींच्या वजनाची तुलना दोन्ही आईवडिलांशी केली. ज्यांनी जन्म दिला त्यांच्या बांध्याशी या प्रौढ मुलांचा बांधा जुळत होता. ज्यांनी वाढवले, ज्यांच्या ताटात ती जेवली, त्यांच्याशी काहीच संबंध दिसला नाही. चार वर्षांनी त्यांनीच वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडे तपासली. त्यांच्या बीएमआयमधला सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळणी, ० म्हणजे काहीच संबंध नाही) पुरुषांत ०.७०, स्त्रियांत ०.६६ निघाला.

त्याच वर्षी, १९९० साली, क्लॉड बुशार्ड यांच्या गटाने कॅनडात केलेला प्रयोग आम्हाला त्याहून बोलका वाटतो. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या, सगळे तरुण पुरुष, देखरेखीखाली ठेवलेले. आठवड्याचे सहा दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १,००० किलोकॅलरी जास्त, असे ८४ दिवस. सरासरी ८.१ किलो वजन वाढले, पण कोणाचे ४.३ किलोच वाढले तर कोणाचे १३.३. जादा अन्न सगळ्यांना सारखे, शिस्त सारखी, फरक मात्र तिपटीचा. शिवाय कोणाचे किती वाढेल याचा अंदाज त्याच्या जुळ्या भावाकडे पाहून बऱ्यापैकी बांधता येत होता. वेगवेगळ्या जोड्यांतला फरक एकाच जोडीतल्या फरकाच्या सुमारे तिप्पट होता. या २४ जणांना तुमच्या तक्त्यात बसवून पाहा. ज्याचे १३ किलो वाढले त्याला तुम्ही बेशिस्त ठरवाल आणि चार किलोवाल्याला सूट द्याल.

यावर तुमच्याकडून येणारे उत्तर आम्हाला पाठ आहे. ‘माणसाची जनुके पन्नास वर्षांत बदललेली नाहीत, प्रौढांमधली स्थूलता मात्र १९९० नंतर जगभर दुपटीहून जास्त झाली. म्हणजे दोष सवयींचाच.’ पहिली दोन्ही विधाने बरोबर आहेत. तिसरे त्यांतून निघत नाही, आणि ते का निघत नाही हे विमागणितीला तरी समजायला हवे, कारण मुद्दा सरळ सरळ संख्याशास्त्राचा आहे.

नॉर्वेतल्या हुंट अभ्यासात १९६० च्या दशकापासून २००८ पर्यंत १,१८,९५९ लोकांची वजने मोजली गेली आणि त्यांतल्या अनेकांची जनुकीय तपासणीही झाली. वजन वाढण्याकडे जनुकांचा सर्वाधिक कल असलेला पाचवा हिस्सा आणि सर्वांत कमी कल असलेला पाचवा हिस्सा अशी तुलना संशोधकांनी केली. पस्तिशीतल्या पुरुषांत या दोन गटांच्या बीएमआयमधले अंतर १९६० च्या दशकात १.२० होते, २००० च्या दशकात ते २.०९ झाले. या काळात वजन दोन्ही गटांचे वाढले, पण ज्यांची जनुके आधीच त्या बाजूला झुकलेली होती त्यांचे जास्त वाढले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात एफटीओ या जनुकाबद्दल असेच दिसले. त्याच्या धोक्याच्या, म्हणजे वजन वाढवणाऱ्या, प्रतीचा वजनावरचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांत स्पष्ट दिसतो. त्याआधी जन्मलेल्यांत ती प्रत असूनही परिणाम जवळपास दिसत नाही.

म्हणजे जनुक तेच, आणि त्याची किंमत जन्मसालावर ठरते. परिस्थिती सगळ्या समाजाचे सरासरी वजन वर नेते. त्या ढकलण्याला कोणाचे शरीर किती दाद देते हे जनुके ठरवतात. वजनाची आनुवंशिकता ४० ते ७० टक्के आणि परिस्थितीमुळे झालेली वाढ दुप्पट, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असण्यात कोणताही विरोध नाही. आनुवंशिकतेची टक्केवारी एका विशिष्ट परिस्थितीतल्या लोकांमधल्या फरकाबद्दल बोलते. सरासरी का सरकली हे ती सांगतच नाही. तुम्ही ‘जनुके बदलली नाहीत’ म्हणता आणि परिस्थितीने केलेली सगळी वाढ एकेका माणसाच्या नावावर टाकता. ती परिस्थिती त्याने निवडलेली नाही, आणि जनुके तर नाहीतच.

ही जनुके करतात तरी काय? लोकांची समजूत अशी, की ‘चयापचय मंद’ असतो. बहुतेकांच्या बाबतीत ती चुकीची आहे. वजनाशी जोडलेली बरीचशी जनुके मेंदूत काम करतात, आणि त्यांचा विषय असतो भूक आणि तृप्ती. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली लेप्टिन शोधले. मेदपेशींतून रक्तात जाणारे हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला शिल्लक साठ्याची खबर देते. १९९७ साली केंब्रिजच्या सदफ फारूकी, स्टीफन ओ’राहिली आणि सहकाऱ्यांनी लेप्टिन तयारच न होणारी दोन चुलत भावंडे नोंदवली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९. या विकारात लेप्टिनचे इंजेक्शन रोज सुरू केले की न शमणारी भूक ओसरते आणि वजन उतरू लागते. पालकांना उपदेश करून जे साधले नसते ते एका प्रथिनाने साधते. असा विकार फार दुर्मिळ, हे मान्य. मेंदूत भूक आवरणाऱ्या एमसी४आर जनुकातले बिघाड त्याहून बरेच जास्त आढळतात, विशेषतः लहानपणापासून तीव्र स्थूलता असलेल्यांत. बाकी बहुसंख्य लोकांत मात्र एकच मोठा दोष सापडत नाही. शेकडो जनुकांचे बारीक बारीक परिणाम एकत्र येतात. त्यांतल्या सर्वांत ठळक एफटीओच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या तरी वजनात सरासरी तीन किलोंचाच फरक पडतो. म्हणून ‘जनुकीय चाचणी करून आणा, मग पाहू’ ही पळवाटही चालणार नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्या चाचणीतून दाखवण्यासारखे काही निघत नाही.

परिस्थिती म्हणजे काय, याचीही मोजमापे आहेत. केविन हॉल यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न दिले. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ जुळवलेले होते. हवे तेवढे खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर हीच माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढले. दुसऱ्या आहारावर तेवढेच उतरले. दोन आठवड्यांपूर्वीची इच्छाशक्ती पंधरवड्यात कुठे गेली, असे त्यांना कोणी विचारले नाही.

झोपेचेही तसेच. २०२२ च्या एका चाचणीत रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि आहाराबद्दल एक शब्द न बोलता खाणे दिवसाला सुमारे २७० किलोकॅलरींनी कमी झाले. रात्रपाळी आणि फिरत्या पाळ्या लावणाऱ्या कंपन्या तुमच्याच समूह-विम्याच्या ग्राहक आहेत. पाळी कंपनी ठरवणार आणि वजनाचा भुर्दंड कामगार भरणार, या व्यवस्थेवर तुमच्यापैकी कोणी शंका घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

वस्तीचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या पाच शहरांत १९९४ ते १९९८ दरम्यान गरीब वस्तीतल्या ४,४९८ स्त्रियांमध्ये सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. दहा ते पंधरा वर्षांनी त्यांच्यात बीएमआय ३५च्या वर असण्याचे प्रमाण, मदत न मिळालेल्यांपेक्षा सुमारे साडेचार टक्के-बिंदूंनी (म्हणजे दर शंभरात साडेचार जणींनी) कमी होते. वजन कमी करण्याचा कोणताही कार्यक्रम त्यात नव्हता. फक्त पत्ता बदलला होता.

आता तुमच्या पाच टक्क्यांच्या अटीकडे येऊ, कारण आमची सर्वांत मोठी तक्रार तिच्याबद्दल आहे.

१०० किलोच्या माणसाने ती अट पूर्ण केली असे धरा. पाच किलो उतरले. शरीर यानंतर काय करते ते मोजण्यासाठी एका मधुमेहाच्या औषधाचा उपयोग झाला. ते औषध लघवीतून साखर बाहेर टाकते. रोज ठरावीक कॅलरी शरीराबाहेर जातात आणि घेणाऱ्याला ते जाणवतही नाही. अशा रुग्णांच्या वजनावरून हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढते आणि शरीराचा खर्च २० ते ३० किलोकॅलरींनी घटतो. पाच किलोंसाठी म्हणजे रोज ५०० ची जादा भूक आणि वर १०० ते १५० ची बचत. सूट मिळाल्याच्या दिवशी हा माणूस आधीपेक्षा जास्त भुकेला असतो, आणि त्याची बाहेरची परिस्थिती होती तशीच असते.

ही भूक चार दिवसांत विसरायला होईल असेही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवले. वर्षानंतरही भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढलेले, भूक शमवणारी लेप्टिन आणि पीवायवाय ही संप्रेरके उतरलेली, आणि भूक सुरुवातीपेक्षा जास्त होती. अमेरिकेत दूरदर्शनवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीत, त्या वजनाला अपेक्षित असते त्याहून दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी जाळत होते. बहुतेकांचे बरेचसे वजन तोवर परतही आले होते.

शिवाय तुमची सवलत-योजना तपासून झाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या १९७ स्थूल कर्मचाऱ्यांना पाच टक्के वजन उतरवण्यासाठी हप्त्यात ५५० डॉलरची सूट देऊ केली गेली. काहींना ती पुढच्या वर्षी, काहींना लगेच. वर्षाअखेरीस सूट देऊ केलेल्या आणि न केलेल्या गटांत उतरलेल्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. एका मोठ्या घाऊक विक्री साखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर कार्यालयीन आरोग्य-कार्यक्रमाची चाचणी झाली. दीड वर्षानंतर काही सवयी सुधारल्याचे लोकांनी सांगितले, पण बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि उपचारखर्च यांत फरक आढळला नाही. हे दोन्ही निष्कर्ष अनुक्रमे २०१६ आणि २०१९ साली छापून आले आहेत. तुमच्या गणितींनी ते वाचले नसतील असे आम्हाला वाटत नाही.

मग सूट कोणाला मिळते? काही जणांना खरोखर प्रयत्न साधतो, आणि त्यांचे कौतुकच आहे. पण काट्याला फसवणेही फार सोपे. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. मोजणीच्या तीन-चार दिवस आधी पिष्टमय पदार्थ बंद केले की दीड-दोन किलो उतरतात आणि पुढच्या आठवड्यात परत येतात. चरबी होती तेवढीच राहते. निदान न झालेल्या मधुमेहामुळे वजन घटत असलेला माणूसही तुमच्या योजनेत बक्षिसाला पात्र ठरतो.

मोजणीतही खोट आहे. फक्त बीएमआयवर जोखीम ठरवणे वंशानुसार चुकते. इंग्लंडमधल्या सुमारे १४.७ लाख लोकांच्या नोंदींत गोऱ्या लोकांत बीएमआय ३०ला असलेला टाइप-२ मधुमेहाचा धोका दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत २३.९ लाच दिसला. एकाला विनाकारण भुर्दंड आणि दुसऱ्याला खोटा दिलासा, असा हा प्रकार. आणखी एक बारीक गोष्ट, जी तपासणी केंद्रात आम्हाला नेहमी खटकते : रक्तदाबाचा पट्टा. दंडाचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर सर्वांत मोठा पट्टा लागतो. अशा दंडाला टेबलावरचा नेहमीचा पट्टा गुंडाळला की आतली फुगणारी पिशवी तोकडी पडते, धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि वरचा आकडा फुगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही चूक सरासरी १९.५ मिमी (पारा) निघाली. म्हणजे १२५चा दाब १४४ दिसणार, आणि वजनाच्या जादा हप्त्यावर उच्च रक्तदाबाचा जादा हप्ता चढणार.

उपचारांबद्दलची तुमची कलमे तर एकमेकांना छेद देतात. ओलान्झापिन, क्लोझापिन, व्हॅल्प्रोएट, स्टेरॉइड, इन्सुलिन या औषधांनी वजन वाढते हे त्यांच्या माहितीपत्रकातच असते. तुम्ही त्या औषधांचे पैसे देता आणि वाढलेल्या वजनाचा दंड लावता. जिथे सेमाग्लुटाइडसारखे भूक कमी करणारे औषध मंजूर होते तिथे ‘लक्ष्य गाठले, आता पुढील मंजुरी नाही’ असे पत्र येते. त्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, आणि ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाब ताब्यात आला म्हणून त्याची गोळी तुम्ही बंद करत नाही. शस्त्रक्रियेआधी सहा महिने ‘देखरेखीखालील आहार’ ही अटही अशीच. तिच्याने शस्त्रक्रियेचा निकाल सुधारतो याला पुरावा नाही, असे अमेरिकेतल्या स्थूलता-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ सालीच सांगितले आहे. अनेक रुग्ण त्या सहा महिन्यांत कंटाळून गळतात. अट बहुधा त्यासाठीच असावी, असे आम्हाला वाटू लागले आहे.

तुमची अडचण आम्हाला दिसते. २०२२ मध्ये जगात सुमारे ८९ कोटी प्रौढ स्थूल होते. सगळ्यांना महागडी इंजेक्शने कोणतीच कंपनी देऊ शकणार नाही. आम्ही तसे मागतही नाही. जनुके म्हणजे विधिलिखित, असेही आमचे म्हणणे नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या एकत्रित विश्लेषणात शारीरिक हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. वजन हलले नाही तरी चालण्याने हृदयाला फायदा होतो. चालण्यासाठी, तंबाखू सोडण्यासाठी, तपासण्या वेळेवर करण्यासाठी खुशाल सूट द्या. माणूस जे करतो त्याला सूट असावी; काटा काय दाखवतो त्याला नको.

आमच्या मागण्या अशा. वजन किंवा बीएमआय यांवर आधारलेला जादा हप्ता आणि सवलत, दोन्ही पुढच्या नूतनीकरणापासून बंद करा. ‘जीवनशैलीशी निगडित’ हे कारण देऊन दावा नाकारण्याची पद्धत थांबवा. नाकारायचाच असेल तर वैद्यकीय कारण लिहा आणि खाली डॉक्टरचे नाव व सही असू द्या. उपचार कोणाला हे ठरवताना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२५ च्या आयोगाने सुचवलेली पद्धत वापरा : बीएमआयच्या जोडीला कंबरेचा घेर किंवा चरबीचे प्रत्यक्ष मोजमाप, आणि अवयवांवर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झाला आहे का याची तपासणी. ज्यांच्यात असा परिणाम दिसतो त्यांना आधी घ्या. पैसा मर्यादित असताना हाच क्रम न्याय्य ठरतो. लक्ष्य गाठले म्हणून औषध तोडू नका. डोस आणि गरज दर वर्षी तपासा. शस्त्रक्रियेआधीची सहा महिन्यांची अट काढून टाका. वजन वाढवणारे औषध सुरू होताना आणि त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत वजन, कंबर आणि रक्तातली साखर मोजण्याचा खर्च द्या. तेव्हाच पर्यायी औषधाचा विचार करता येतो, नंतर उशीर होतो. तुमच्या प्रत्येक तपासणी केंद्रात रक्तदाबाचे चारही मापांचे पट्टे आणि दंडाचा घेर मोजायला टेप ठेवा. हा खर्च तर तुमच्या जाहिरातींच्या तुलनेत नगण्य आहे. समूह-विमा घेणाऱ्या कंपन्यांचा दर ठरवताना पाळ्यांचे वेळापत्रक विचारा.

आणि आजवर दिलेल्या वजन-सवलतींची आकडेवारी नावे वगळून प्रसिद्ध करा : किती जणांना सूट मिळाली, दोन वर्षांनी त्यांतल्या किती जणांचे वजन तेवढेच राहिले, आणि या योजनेतून कंपनीकडे जादा हप्त्यापोटी किती रक्कम जमा झाली. उत्तराची आम्ही वाट पाहतो. तेही खुलेच असावे.

आपले,
स्थूलतेवर उपचार करणारे डॉक्टर, शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ